स्वस्त तिकिटांचा हिशेब मी असा बसवला

न्यू जर्सीत राहून मी ईबेवर जुनी भारतीय टपाल तिकिटं लिलावात विकतो. अमेरिकेत ईबेचं कमिशन नुसत्या बोलीवर नाही, सेल्स टॅक्स धरून एकूण रकमेवर लागतं. टपालखर्च तर २०११ पासूनच त्यात धरतात. शिवाय ऑर्डरमागे ठरावीक फी: १० डॉलरपर्यंत ३० सेंट, त्यापुढे ४०. तीन डॉलरच्या तिकिटाचा दहावा हिस्सा तिथेच गेला!

म्हणून सुटी तिकिटं बंद. हैदराबाद, त्रावणकोर अशी संस्थानी तिकिटं आता दहा-दहाच्या लॉटमध्ये लावतो. ऑर्डर एक, फी एक. पाठवायला ईबेचं २०२१ मध्ये आलेलं स्टँडर्ड एन्व्हलप, म्हणजे पाकिटातून माल पाठवायची सोय, वापरतो. ट्रॅकिंग मिळतं आणि पार्सलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, मात्र पाकीट पातळ आणि तीन औंसांच्या आत हवं. (जाड पुठ्ठा घातला की संपलं.) किमतीलाही मर्यादा आहे, त्यामुळे महागडी तिकिटं वेगळी जातात.

९९ सेंटपासून लिलाव सुरू करायची हौस सोडली. खरेदी, पाकीट, टपाल, कमिशन यांची बेरीज होते, बोली तिथून सुरू. बोली लावणारे घटले, पण तोट्यातली विक्री थांबली. नवे दर जाहीर झाले की एक्सेलमधला एकच रकाना बदलतो.