संत्र्याची गळ थांबवायची असेल तर आधी मोटरचे अँपियर पाहा

राजेहो, नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे आंबिया बहाराच्या संत्र्याची फळगळ लागली की सगळे आधी औषधाच्या दुकानात पळतात. मी दर उन्हाळ्यात पाहतो ते वेगळंच असतं, झाडाला काही झालेलं नसतं, मोटर जळून रिवायंडिंगला (आतली तार नव्यानं भरायला) गेलेली असते आणि 44-45 डिग्रीत बगीचा कोरडा पडलेला असतो. मग टॉनिकवाला येऊन दोन हजाराची बाटली टेकवून जातो.

मोटर जळते कमी व्होल्टेजनं. लोकांना वाटतं व्होल्टेज कमी म्हणजे करंटही कमी, हीटरचं तसं असतं पण मोटरचं उलटं, पाणी तेवढंच उचलायचं असल्यामुळं ती जास्त अँपियर ओढते. समजा 400 व्होल्टवर 8 अँपियर घेते, तर 340 वर साडेनऊच्या जवळ जाते, आणि वायंडिंगमधली गरमी करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे 35-40 टक्के जास्त.

आता खरा चोर, केबलचा जॉइंट आणि स्टार्टरचे काळे पडलेले काँटॅक्ट. वायरमनला मोटर चालू असताना जॉइंटच्या दोन्ही बाजूला मीटर लावायला सांगा (स्वतः चालू स्टार्टरमध्ये हात घालू नका). तिथं 3 व्होल्ट दिसले आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतात ते) 9 अँपियर दाखवत असेल तर रेझिस्टन्स 3 भागिले 9, म्हणजे 0.33 ओहम, आणि पॉवर 3 गुणिले 9, म्हणजे 27 वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची कांडी 25 वॅटची असते, तेवढी आग तुमच्या टेपच्या आत चालू आहे. एक दिवस ती फेज तुटते, मोटर दोन फेजवर गुरगुरते आणि संपली. चांगल्या जॉइंटवर व्होल्ट जवळपास दिसतच नाही.

बोअरमधला जॉइंट दिसत नाही, मग लाईन पूर्ण बंद करून मोटरकडच्या तीन वायरी स्टार्टरमधून सोडा आणि दोन-दोनच्या जोडीनं ओहम मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत, एखादा वेगळा आला तर पंप वर काढा.

केबल पण बारीक नको. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर किलोमीटरला 7.4 ओहम, 300 मीटरला 2.2. थ्री फेजला 9 अँपियरवर 1.732 × 9 × 2.2, म्हणजे 34 व्होल्ट वायरीतच गेले. चार एमएमला 21-22 जातात. दुकानदार म्हणतो मोठी, साडेसात एचपीची मोटर घ्या, अरे पण ती अजून जास्त करंट ओढणार, व्होल्ट अजून पडणार. पॉवर सेव्हरचा डबा तर घेऊच नका.

बाकीची कामं: पाणसोट (फळ न देणारे सरळसोट फुटवे) काढा, खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर), आळ्यात काडीकचरा अंथरा. गळीसाठी जिब्रेलिक ऍसिड (वाढीचं संजीवक) 1.5 ग्रॅम आणि युरिया 1 किलो 100 लिटर पाण्यात, पण ओल असेल तरच, कोरड्या झाडावर फवारा म्हणजे पैसे उन्हात वाळवणं.

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपियरवरच ठेवा, सारखी ट्रिप होते म्हणून वर चढवू नका. माझा अंदाज विचाराल तर 350 व्होल्टच्या खाली मोटर लावूच नका, रात्री व्होल्टेज बरं असतं तेव्हा चालवा. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) 25 मेच्या आसपास लागतो आणि तेव्हा रिवायंडिंगवाल्याकडं रांग असते, म्हणून जॉइंट या आठवड्यातच उघडून पाहा.