‘डॉक्टर हू’ घरच्यांना दाखवायचंय?

ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका १९६३ची, पण तिथून सुरुवात करू नका. थेट २००५चा ‘रोज’ हा भाग लावा. १९८९मध्ये बंद पडलेली ही मालिका रसेल टी डेव्हिस यांनी इथूनच पुन्हा उभी केली, आणि प्रेक्षकाला जुनं काही ठाऊक असेल असं धरलंच नाही. दुकानात काम करणारी रोज नावाची मुलगी जेवढं पाहते, तेवढंच आपल्याला कळत जातं. तिची आई जॅकी पडद्यावर आली की आमची मालवणची आत्या रिमोट कुणाला देत नाही! प्लास्टिकचे पुतळे चालू लागले की पोरं हसतील, हसू द्या. डालेक हे जुने शत्रू सहाव्या भागापर्यंत राखून ठेवलेत, तेव्हा आधीच बडबडून मजा घालवू नका. तेराव्यात डॉक्टरचा, म्हणजे काळात फिरणाऱ्या परग्रहवासी नायकाचा, चेहरा बदलतो आणि नवा नट येतो. त्या रात्री जेवणं लवकर उरका.