किचनच्या काट्यावर प्रावरण: गल्लीतल्या खडीची घनता मोजायची कशी

पोरांच्या भूगोलात प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा जाड थर, आलं की सगळ्यांच्या डोक्यात उकळता लाल लाव्हाच असतो, तो आधी काढून टाका. वरचं प्रावरण घट्ट दगड आहे, पेरिडोटाइट नावाचा, त्यात निम्म्याहून जास्त ऑलिव्हिन म्हणजे हिरवट खनिज, बाकी दोन जातींचे पायरॉक्सिन, खोल गेलं की थोडा गार्नेट. ते वाहतं हे खरंय, पण वर्षाला काही सेंटीमीटर, आणि तेही घट्ट राहूनच.

तो दगड आपल्या हाती लागणार नाही (रशियात कोलाला 12,262 मीटर भोक पाडलं तरी भूकवचातच राहिले) पण त्यातून वितळून निघालेला रस थिजून आपल्याकडे ढिगाने पडलाय. खारघरला कुठल्याही बांधकामाजवळची काळी खडी घ्या, बेसॉल्ट आहे तो. येऊरहून उचलू नका हं, नॅशनल पार्क आहे ते. मोठासा, भोकं नसलेला तुकडा बघा, भोकवाला हलका भरतो आणि गणित बोंबलतं, आमची घनता पहिल्यांदा 2.4 आली होती.

दगड घासून धुवा, वाळवा, वजन करा. मग काट्यावर अर्धा मग पाणी ठेवून काटा शून्य करा आणि दगड दोऱ्याला बांधून असा लटकवा की पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला कुठे टेकणार नाही. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटीमीटर दगडाचं आकारमान. आमचा दगड 319 ग्रॅमचा, बुडवल्यावर 110, भागाकार 2.9, म्हणजे घन सेंटीमीटरला 2.9 ग्रॅम, हीच घनता.

वरच्या प्रावरणाची घनता 3.3 च्या आसपास, मग त्याच्यातूनच आलेला दगड हलका कसा? ओलं खोबरं पिळल्यावर दूध निघतं, चोथा राहतो, तसंच. प्रावरण वर सरकलं की दाब उतरतो आणि जास्तीची उष्णता न लागताच त्याचा थोडासा भाग वितळतो, त्या रसात सिलिका, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम जास्त जातं, मॅग्नेशियमवालं जड ऑलिव्हिन चोथ्यात. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास असाच रस थरावर थर पसरला, आपला सह्याद्री त्याचाच. भूकंपाच्या लहरींनाही हा फरक कळतो, कवच संपलं की त्या एकदम सेकंदाला 8 किलोमीटरच्या घरात पळतात, 1909 ला मोहोरोविचिच या क्रोएशियन भूकंपशास्त्रज्ञाने तेच पकडलं.

ओट्याचा तुकडा उरला असेल तर तोही लटकवा. खरा ग्रॅनाइट 2.7 च्या जवळ भरतो, 3 आला तर तुमचा 'ब्लॅक ग्रॅनाइट' ग्रॅनाइट नाहीच, बेसॉल्टच्या भाऊबंदांतला कोणीतरी आहे.