गटारीच्या चेंबरचं काँक्रीट ॲसिडने खाऊ नये म्हणून काय करायचं

जळगाव-धुळ्याकडे चेंबर उघडून बघा, पाण्याखालचं काँक्रीट बरं असतं आणि वरचा भाग भुसभुशीत, कारण सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, वर ओल्या भिंतीवर बॅक्टेरिया त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात न ते सिमेंट खातं.

आधी आत कोणाला असंच उतरवू नका!! माणूस उतरवून सफाई करायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, रिपेअरचं काम असलं तरी गॅस चेक, ब्लोअर, हार्नेस पाहिजेच.

मग पांढरं पिठूळ झालेलं सगळं छिन्नीने काढा, प्रेशरने धुवा, फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं द्रावण) मारा, गुलाबी झालं तरच पक्कं काँक्रीट लागलं समजा, नाहीतर अजून खोदा. त्यावर कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटचा (ॲसिडला जास्त टिकणारं वेगळं सिमेंट) मॉर्टर लावा, त्यात साधं सिमेंट अजिबात मिसळू नका, लगेच घट्ट होतं.

नवीन चेंबर असेल तर स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीच्या मळीचं) किंवा फ्लाय ॲशवालं (कोळशाच्या राखेचं) वापरा, दीपनगर वीज केंद्राची राख तर आपल्या भुसावळजवळच आहे. पाणी-सिमेंट रेशो ०.४० च्या आत ठेवा, मिस्त्री "भाऊ थोडं पाणी टाकू द्या" म्हणेलच, ऐकू नका, प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) द्या. मे महिन्यात काम संध्याकाळीच, आणि काँक्रीटवर ओले गोणपाट किमान १० दिवस ठेवा.