जवानांच्या जेवणाचं तंत्र बेळगावात आणायचंय? आधी एवढं उरकून घ्या

म्हैसूरची डीएफआरएल ही डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा १९६१ मध्ये जवानांच्या अन्नावर काम करायला सुरू झाली; आता तिचं नाव डीआयबीटी आहे. तिचं रिटॉर्ट पाऊचचं तंत्र, म्हणजे बंद पिशवीतलं शिजवलेलं अन्न दाबाखाली तापवून टिकाऊ करण्याचं तंत्र, परवान्यावर घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कारखाना काढायचा असेल, तर अर्जाआधी पदार्थ ठरवा, आणि सुरुवातीला एकच ठरवा. परवाना सहसा फक्त तुम्हालाच मिळत नाही, तोच इतरांनाही देतात, त्यामुळे गिऱ्हाईक कोण हेही आधीच पाहून ठेवा.

करारासोबत मिळणारे तापमानाचे आणि वेळेचे आकडे त्यांच्या कृतीचे असतात. पुलावाच्या जागी तुम्ही दाट मटकीची उसळ भरली, की उष्णता आत शिरायला जास्त वेळ लागतो. भरताना पाऊच जाड झाला तरी तेच. म्हणून पाऊचमधल्या सगळ्यात उशिरा तापणाऱ्या जागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून तुमच्याच यंत्रावर चाचणी करून घ्या. तिथे १२१ अंश सेल्सिअसला किमान तीन मिनिटांइतका परिणाम साधलाच पाहिजे. व्यवहारात याहून जास्त ठेवतात. पीएच ४.६ च्या वर, म्हणजे पदार्थ कमी आंबट असेल आणि बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू जगले, तर बंद पाऊचमध्ये विष तयार होतं. पाऊच दर वेळी फुगतोच असं नाही. इंधन वाचवायला मिनिटं कापू नका, लोक जिवानिशी जातील.

सीलवर भाताचं शीत किंवा तेलाचा थेंब राहिला की तिथेच गळती, म्हणून भरायचं नरसाळं सीलच्या जागेच्या खाली उतरलं पाहिजे. थंड करताना वाफेचा दाब एकदम उतरला, तर पाऊच आतल्या दाबाने फाटतात. तेव्हा बाहेरून हवेचा दाब टिकवायला कॉम्प्रेसर लागतो. गार करायचं पाणी क्लोरिन घातलेलं ठेवा, ते सूक्ष्म फटीतून आत ओढलं जातं. प्रत्येक घाण्याचे नमुने ३७ अंशांवर १४ दिवस ठेवून तपासा, तोवर माल गोदामातच.

ट्रे आणि ट्रॉली बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बनवून मिळतील. बॉयलर मात्र नोंदणीचाच घ्या. एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना आणि प्रदूषण मंडळाची संमती यांचे अर्ज एकदमच टाका. लेबलावरची सक्तीची माहिती इंग्रजी किंवा हिंदीत लागते, सोबत मराठी आणि कन्नड जरूर छापा.

महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजच्या दुकानात माल गेला की तो दुसऱ्या राज्यातला पुरवठा. उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते, ती पहिली पेटी निघण्याआधी करून घ्या.