टाय रॉड एंड घरी बदलताय? या चुका टाळा

स्टेअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा म्हणजे टाय रॉड एंड. तसा हा स्वस्त आणि सुटसुटीत भाग. चाक काढलं की समोरच दिसतो, एका नटवर बसतो आणि आट्यांवर फिरून बाहेर येतो. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड हे सगळं घरी करून झालेल्या माणसाचा हात पुढे इकडे वळणं साहजिक आहे, आणि वळायला हरकतही नाही. पण हा सांधा निसटला, की त्या बाजूचं चाक स्टेअरिंगचं ऐकेनासं होतं. जुना एंड काढणं हे यातलं सोपं काम. नव्याची लांबी जुन्याइतकीच ठेवायची आणि त्याचा स्टड (एंडचा आटे असलेला खिळा) नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात) घट्ट बसवायचा, हे खरं काम. बहुतेक चुका याच दोन ठिकाणी होतात.

इथं लिहिलंय ते स्विफ्ट, वॅगनआर, आय10, टियागो अशा रॅक-पिनियन स्टेअरिंगच्या गाड्यांबद्दल, म्हणजे जिथं पिनियन हे छोटं दातेरी चाक रॅक ही दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकवतं. या गाड्यांत रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बुटाच्या आत एकेक आतला रॉड असतो; गॅरेजमध्ये त्याला रॅक एंड म्हणतात. त्याच्या आट्यांवर बाहेरचा टाय रॉड एंड फिरवून चेक नटने (एंड जागेवर आवळून धरणाऱ्या नटने) पक्का केलेला असतो. जुन्या जीपच्या टाय रॉडला एका बाजूला उलटे आटे असतात, त्यामुळे तिथं हात घालण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते नीट बघा.

आधी दुखणं नक्की करा

खड्ड्यातून जाताना समोर खडखड झाली की पहिला संशय टाय रॉडवर जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो आवाज स्टॅबिलायझर लिंकचा, लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा किंवा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा निघतो. चाक उचलून त्याला डावी-उजवीकडून धरून हलवा. ढिलाई जाणवली तर टाय रॉड बघायचा. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्हीकडून सारखीच जाणवत असेल तर आधी बेअरिंग तपासा.

याहून खात्रीची तपासणी गाडी जमिनीवर उभी असतानाच होते. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा, किल्लीने स्टेअरिंगचं लॉक सोडा आणि घरातल्या कुणाला तरी स्टेअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही चाकाच्या मागून हात घालून एक बोट असं ठेवा, की ते अर्धं एंडच्या लोखंडी डोक्यावर आणि अर्धं नकलच्या बाहीवर (एंड जिथं जोडलेला असतो त्या हातावर) टेकेल. सांधा झिजलेला असेल तर चाक वळायच्या आधी बोटाखाली बारीकसा टक् जाणवतो. आतल्या रॉडसाठी बूट हाताने दाबून आतला गोळा धरा आणि तेच करा. आतला ढिला असताना बाहेरचा बदलला तर पैसेही जातात आणि आवाजही राहतो. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून थेट दुकानात सामान आणायला जाणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. सपाट, पक्क्या जमिनीवर मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. इथं हातोडा चालणार आहे, नुसत्या जॅकवर उभी असलेली गाडी त्या धक्क्यांनी सरकू शकते.

चेक नट आधी, स्टड नंतर

घाईत आधी नकलमधून स्टड सोडवला जातो आणि मग चेक नटशी झटापट सुरू होते. तोवर एंड मोकळा झालेला असतो, पान्याबरोबर तोही गोल फिरतो. स्टड नकलमध्ये पक्का आहे तोवरच चेक नट पाव फेरा मोकळा करून ठेवा. नकलच मग एंड धरून ठेवते. पावसाळे काढलेल्या गाडीत, त्यातून कोकणातल्या, हा नट गंजाने जाम झालेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. आतला रॉड धरायला त्यावर चपट्या बाजू दिलेल्या असतात, पाना तिथंच लावा. पाइप पान्याने आटे धरले तर ते कायमचे खराब होतात.

फेरे मोजणं पुरेसं नाही

नेहमीचा सल्ला असा की जुना एंड काढताना फेरे मोजा आणि नवा तितकेच फेरे फिरवा. हे अर्धंच बरोबर आहे. नवा एंड दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याची लांबी किंवा आट्यांची सुरुवात एक-दोन मिलिमीटरने वेगळी असू शकते. मग फेरे जुळले तरी माप जुळत नाही. त्यापेक्षा काढायच्या आधी आतल्या रॉडवर रंगाची एक बारीक रेघ मारा आणि त्या रेघेपासून स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नवा बसवल्यावर तेच अंतर आलं पाहिजे. फेरे मोजायचेच, पण पडताळणीसाठी.

एका फेऱ्याने काय मोठं बिघडणार, असं वाटत असेल तर हिशेब बघा. या आट्यांचा पीच (दोन आट्यांमधलं अंतर) साधारण 1.25 किंवा 1.5 मिलिमीटर असतो. नकलची बाही 13 सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर दीड मिलिमीटरच्या चुकीने चाक सुमारे दोन तृतीयांश अंशाने वळतं आणि 14 इंची रिमच्या पुढच्या-मागच्या कडांत चारेक मिलिमीटरचा फरक पडतो. छोट्या गाड्यांत टोची (दोन्ही चाकांमधलं पुढचं आणि मागचं अंतर यांतल्या फरकाची) मुभा साधारण एक-दोन मिलिमीटरचीच असते. म्हणजे एक फेरा चुकला, की टायर रस्त्यावर तिरका घासत चालला.

आणखी एक अडचण. स्टडचं तोंड नकलच्या छिद्राकडेच यायला हवं, त्यामुळे बाहेरचा एंड पूर्ण फेऱ्यांतच कमी-जास्त होतो. बारीक फरक करायचा तर चपट्या बाजूंना पाना लावून आतला रॉड फिरवावा लागतो. त्याआधी बुटाची बाहेरची क्लिप सोडा. नाहीतर बूट रॉडबरोबर पिळला जातो आणि काही महिन्यांत घडीवर चिरतो. त्या चिरेतून चिखलपाणी आत गेलं की आतल्या सांध्याचं आणि रॅकचं नुकसान ठरलेलंच. नवा रॅक किती महाग पडतो हे एकदा विचारून बघा, म्हणजे ती क्लिप विसरणार नाही.

स्टडच्या टोकावर हातोडा नको

नट काढून स्टडच्या टोकावर हाणणं ही सगळ्यात जुनी सवय. स्टडचं टोक चेपतं, आटे फुलतात आणि मग तो खालीही जात नाही आणि वरही येत नाही. टाय रॉडचा पुलर आणा, नट शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू द्या आणि ताण द्या. ताण बसल्यावर नकलच्या बाहीच्या डोळ्यावर बाजूने हातोड्याचे दोन जोरकस ठोके मारा. धक्क्याने टेपर (स्टडची निमुळती पकड) सुटतो आणि नट जागेवर असल्यामुळे एंड उडून तोंडावर येत नाही. काट्यासारखा फोर्क लवकर काम करतो, पण सांध्याचं रबर हमखास फाडतो. जुना एंड फेकायचाच असेल तर चालेल. दुसऱ्या कामासाठी तात्पुरता सोडवत असाल तर फोर्क वापरू नका.

टेपरला ग्रीस लावू नका

नवा भाग म्हटला की ग्रीसचं बोट लागतंच. पण स्टड नकलमध्ये धरून राहतो तो निमुळत्या, कोरड्या लोखंडाच्या पकडीवर. छिद्र आतून कापडाने पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करा आणि स्टड कोरडाच घाला. छिद्र लंबगोल झालेलं दिसलं, तर नवा एंडही तिथं पक्का बसणार नाही. अशा वेळी नकल बदलावी लागते.

नट आवळताना स्टड नटाबरोबर फिरायला लागला, की लोक एअर गन शोधतात. त्याऐवजी एंडखाली जॅक लावून स्टड हलकाच वर दाबा. टेपर पकड घेतो आणि नट सरळ बसतो. काही एंडच्या टोकाला ॲलन की लावायला खाच दिलेली असते. शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे द्या. हाताच्या अंदाजावर मी इथं विश्वास ठेवत नाही.

खाचांचा नट असेल आणि टॉर्कवर आणल्यावर खाच छिद्राशी जुळली नाही, तर पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळा. पिन जावी म्हणून नट मागे फिरवला, की पकड सैल झालीच. स्प्लिट पिन नवीनच घाला आणि तिची टोकं व्यवस्थित वाकवा. नायलॉन असलेला नट एकदा काढला की तोही नवीनच.

आतला रॉड घरी बदलावा का?

माझं मत: योग्य सॉकेट टूल असेल तरच. तो रॅकच्या टोकावर भरपूर ताणाने बसलेला असतो. रॅक न धरता जोर लावला तर तो सगळा पिनियनच्या दातांवर जातो, आणि स्टेअरिंग लॉकच्या भरवशावर जोर लावला तर लॉकच तुटतं. काही गाड्यांत वाकवायचा लॉक वॉशर असतो, तो पुन्हा वापरू नका.

काम झाल्यावर काही चुकल्यासारखं वाटलं तर

गाडी सरळ चालते पण स्टेअरिंग वाकडं दिसतंय, तर एका बाजूची लांबी बदलली आहे. स्टेअरिंग व्हील काढून सरळ लावणं हा त्यावर उपाय नव्हे. दोष टाय रॉडमध्ये आहे आणि तो तिथंच काढायचा. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा मात्र टाय रॉडला दोष देण्याआधी टायरची हवा, टायरची अदलाबदल आणि अडकलेला ब्रेक कॅलिपर बघा. वळल्यावर स्टेअरिंग परत येत नसेल तर एंडचं डोकं तिरकं बसून सांधा अडतोय का ते पाहा. दोन्ही चाकं हवेत ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं की हे लगेच कळतं. ब्रेकचा पाइप कुठं घासतोय का, हेही तेव्हाच दिसतं.

माप कितीही काटेकोर ठेवलं तरी व्हील अलाइनमेंट चुकवू नका. दोरी बांधून टो जुळवणं अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळू जाण्यापुरतं ठीक. तिथं आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या, आणि काम चालू असताना स्टेअरिंग मधोमध लॉक केलंय का ते बघा. गाडी खाली उतरायच्या आधी स्वतः वाकून तीन गोष्टी तपासा: दोन्ही चेक नट घट्ट आहेत, बूट पिळलेले नाहीत, क्लिपा जागेवर आहेत. गर्दीच्या दिवशी दुकानातला मुलगा चेक नट हातानेच टेकवून पुढच्या गाडीकडे गेलेला असू शकतो.