कला आणि वास्तुकलेचा इतिहास: आधी काय वाचाल?

सुरुवात गॉम्ब्रिखच्या ‘द स्टोरी ऑफ आर्ट’ या कलेच्या इतिहासाने करा. भाषा सोपी आहे. पण १९५०च्या पहिल्या आवृत्तीत एकही स्त्री-कलाकार नव्हती, तेव्हा जोडीला लिंडा नॉकलिनचा स्त्री-कलाकारांवरचा १९७१चा निबंध, ‘व्हाय हॅव देअर बीन नो ग्रेट विमेन आर्टिस्ट्स?’, हवाच.

वास्तुकलेसाठी समरसनचं ‘द क्लासिकल लँग्वेज ऑफ आर्किटेक्चर’ घ्या. छोटंसं आहे, पण पेन्सिल हातात धरूनच वाचायचं. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन असे तिन्ही स्तंभ स्वतः काढा. ग्रीक डोरिकला तळखडा (स्तंभाखालची बैठक) नसतो, हे नुसतं वाचून लक्षात राहत नाही.

गाडं अडतं ते इमारतींच्या नकाशांपाशी. विद्यार्थी फोटो बघतात आणि तलविन्यासाचं (इमारत आडवी कापून वरून पाहिल्यावर दिसणाऱ्या नकाशाचं) पान उलटतात, मग पुढचा मजकूर डोक्यावरून जातो. साधारणपणे गडद भरलेला भाग म्हणजे कापलेली भिंत किंवा खांब. तुटक रेषा म्हणजे बहुधा वरचं छत, कमान नाहीतर घुमट. दारातून आत शिरून बोटाने वाट काढत जा, मगच परिच्छेद वाचा.

बॅनिस्टर फ्लेचरचा वास्तुकलेच्या इतिहासाचा जाडजूड ठोकळा फक्त संदर्भासाठी. सलग वाचायच्या फंदात पडू नका. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत भारत, चीन, जपान ‘अनैतिहासिक’ शैलींत ढकललेत, म्हणून नवी आवृत्तीच शोधा.